बदलीच्या गावांहून फिलाडेल्फियापर्यंत : डॉ. आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी मुलगी, परत आली आणि काही महिन्यांत वारली, एवढे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुणी कादंबरी वाचलेली असते, कुणी नाटक किंवा चित्रपट पाहिलेला असतो. पण या गोष्टीतला एक भाग बहुधा घाईघाईत उरकला जातो. कल्याण सोडल्यापासून ही मुलगी परक्या गावांत आणि मग परक्या देशात कशी राहिली, तिथे तिने काय बदलले आणि काय धरून ठेवले, हा तो भाग. आपण बडोद्याची मराठी मंडळी गायकवाडीच्या काळापासून महाराष्ट्राबाहेर राहत आलो आहोत. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आनंदीबाईंचे चरित्र या बाजूने सांगावेसे वाटले.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात गणपतराव आणि गंगाबाई यांना मुलगी झाली. तिचे नाव यमुना. घराणे एकेकाळचे सधन, पण पुढे परिस्थिती उतरत गेलेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी आठ-नऊ वर्षांची होताच घरात लग्नाची काळजी सुरू झाली आणि नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, मूळ संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून. ते बिजवर होते आणि वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले.

बायकोला शिकवायचे हा गोपाळरावांचा ध्यास होता. स्त्रीशिक्षणाचे नाव काढले तरी लोक कानावर हात ठेवत, त्या काळात हा कारकून बायकोसमोर पुस्तके मांडून बसत असे. याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यांची शिकवण्याची रीत कठोर होती. लहानग्या आनंदीने अभ्यास टाळला तर मार बसे, वस्तू फेकल्या जात, सोडून जाण्याची धमकी मिळे. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या गोष्टींची आठवण शांतपणे पण स्पष्टपणे करून दिली आहे. हे सांगितल्याने गोपाळराव लहान होत नाहीत. मात्र ती घडत होती ती कशातून, हे कळायला हवे. तिला घडवणारा हात आणि मारणारा हात एकच होता.

टपाल खात्याची नोकरी म्हणजे बदली आलीच. कल्याणहून अलिबाग, तिथून कोल्हापूर, मग मुंबई, कच्छमधले भुज आणि शेवटी थेट कलकत्ता अशा गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. मी स्वतः राज्य सरकारच्या बदलीच्या नोकरीत आहे. बदलीचा हुकूम हातात आला की घरातल्या बाईला काय काय आवरावे लागते, ते अशा घरातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. नवे घर, नवे शेजारी, पाणी कुठून भरायचे, वाणसामान कुठे मिळेल, आपली भाषा कुणाला समजेल. आनंदीबाईंनी हे सारे दहा-बारा वर्षांच्या वयापासून केले. अमेरिकेची बोट त्यांनी नंतर पाहिली. परका मुलूख मात्र त्यांनी त्याआधीच भुजेला आणि कलकत्त्याला पाहिला होता.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बाळाला योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल त्यांच्या मनात कायमची राहिली. घरात बाई आजारी पडली तर पुरुष डॉक्टरला दाखवायचा संकोच, आणि बाई डॉक्टर तर जवळपास कुठे नाहीच. कित्येक बायका आणि बाळे अशीच जात. आपणच डॉक्टर व्हावे हा विचार इथून मूळ धरू लागला. पुस्तके आधी नवऱ्याच्या हट्टाने हातात आली होती. आता शिकायचे ते कशासाठी, याचे कारण आनंदीबाईंचे स्वतःचे होते.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत पत्रव्यवहार सुरू केला. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, काही मदत होईल का, अशी विचारणा होती. पत्र रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. हे गृहस्थ पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते आणि आता प्रिन्स्टनहून एक मासिक चालवत. तुम्ही ख्रिस्ती व्हा, मग मदत करू, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. धर्म सोडायला हे दांपत्य तयार नव्हते. गोष्ट तिथेच संपली असती. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो अंक आला. एका हिंदू मुलीला शिकायचे आहे आणि कुणी मदत करत नाही, हे वाचून त्यांचे मन कळवळले. त्यांनी थेट पत्र लिहिले.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे दोघी एकमेकींना पत्रे लिहीत होत्या. घरातल्या रीतिभाती, सणवार, बालविवाह, धर्म, आजारपण अशा सगळ्या गोष्टी त्या पत्रांत येत. कलकत्त्याकडची हवा आनंदीबाईंना सोसली नाही. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा मागे लागला, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न पाहिलेल्या बाईशी जुळलेले हे नाते शेवटपर्यंत टिकले.

दरम्यान गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ सेरामपूरला झाली होती. दोघांनी मिळून अमेरिकेला जाणे पैशाच्या आणि रजेच्या अडचणींमुळे जमेना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जायचे असे ठरले. बातमी फुटली तशी टीका सुरू झाली. ब्राह्मणाची विवाहित मुलगी, एकटी, समुद्र ओलांडून जाणार! नवऱ्याबरोबर रस्त्याने पायी चालली म्हणूनही जिच्याकडे लोक टक लावून पाहत, तिच्याबद्दल आता काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येते.

या टीकेला त्यांनी घरात बसून उत्तर दिले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून भाषण केले. वय अठरा पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. अमेरिकेला का जाते, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, असे लोक विचारत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. तेव्हा मुंबई आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारे बायकांना उघडलेली नव्हती. मद्रासला १८७५ पासून प्रवेश मिळत असे, पण तिथली सोय त्यांना पुरेशी वाटत नव्हती. या देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी भर सभेत सांगितले. ते वचन चारचौघांत दिलेले होते, आणि पुढची तीन वर्षे रोजच्या जगण्यात ते पाळायचे होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत मिशनरी बायका होत्या. नवरा किनाऱ्यावर राहिला. वाटेत इंग्लंडला बोट बदलून ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवसांचा प्रवास झाला होता. सोबतच्या बायकांचा आग्रह, खाण्यापिण्याचे हाल, आजारपण हे सगळे त्या प्रवासात होते. धक्क्यावर कार्पेंटर मावशी वाट पाहत उभ्या होत्या. इतकी वर्षे केवळ अक्षरातून ओळखलेल्या दोघींची ती पहिली भेट.

तो उन्हाळा रोझेलला गेला. परक्या घरात राहून आपले शाकाहारी जेवण सांभाळायचे ही गोष्ट सोपी नव्हती. पण मावशींच्या घराने तिला सामावून घेतले. तिनेही त्यांना आपल्याकडचा स्वयंपाक करून घातला आणि आपल्या घरच्या रीती समजावून दिल्या. परक्या मुलखात आपण आपल्या ताटातले दुसऱ्याला वाढतो तेव्हा परकेपण थोडे कमी होते, हा अनुभव आपल्यालाही आहे. आपल्याकडे गणपतीत शेजारच्या गुजराती घरांत मोदक जातात आणि उत्तरायणला तिकडून आपल्याकडे उंधियू येते, त्यातलाच हा प्रकार.

ऑक्टोबर १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था केवळ बायकांना डॉक्टर करण्यासाठी निघालेल्या जगातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी होती. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी या मुलीला आपुलकीने वागवले. महाविद्यालयाने शिष्यवृत्तीही दिली. अभ्यासाची काळजी अशी मिटली, पण थंडी, कपडा, जेवण आणि एकटेपण यांना तोंड तिलाच द्यायचे होते.

फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे बर्फाचा. नऊवारी साडीत पोटऱ्या आणि पावले उघडी राहतात. त्यात थंडी सोसायची नाही आणि तिकडच्या समाजात पाय दिसणे असभ्य समजले जाई. लोकांनी सुचवले असेल ते सोपे होते : गाऊन घाल. आनंदीबाईंनी गाऊन घातला नाही आणि नऊवारीचाही हट्ट धरला नाही. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाय झाकले गेले, थंडीला थोडा आडोसा झाला आणि अंगावर साडीच राहिली. ज्या गावात आपल्या आज्या नऊवारी नेसत आल्या आणि शेजारच्या काकी-मासी उजव्या खांद्यावर पदर घेत आल्या, त्या बडोद्यातल्या वाचकांना हा तोडगा विशेष कळेल. त्यासाठी टपालाने कुणाचा सल्ला मागवून उत्तराची वाट पाहणे शक्य नव्हते. पत्र बोटीने जाई आणि उत्तर यायला महिने लागत. एकोणिसाव्या वर्षात पाऊल टाकलेल्या मुलीने आपली अडचण ओळखली आणि आपल्याच देशातून त्यावर उपाय काढला.

जेवणाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. शाकाहार सोडला नाही. तिकडे मिळणाऱ्या मोजक्या पदार्थांवर भागवायचे आणि त्यात दिवसभराचा अभ्यास करायचा. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडे आणि न पेटवली तर थंडी हाडात शिरे. धूर की गारठा, एवढीच निवड. प्रकृती मुळात नाजूक होती. ती खालावत गेली आणि क्षयाने शरीरात घर केले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते.

हे धर्मपालन फार महागात पडले असे आज कुणी म्हणेल. तसे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. त्या एकट्या गेल्या होत्या. आपण बदलून परत आलो तर आपल्यामागून दुसऱ्या कुठल्या मुलीला घरातून सोडणार नाहीत, हे त्यांना कळत होते. ताटात काय आहे याचा हिशेब हिंदुस्थानात बसलेले हजारो लोक ठेवणार होते. ज्यात वचन मोडत नव्हते ते त्यांनी बदलले, आणि जिथे वचन मोडले असते तिथे अंगावर सोसले. बरोबर की चूक हा निवाडा आपण कोण करणार? निवड त्यांची होती आणि तिची किंमतही त्यांनीच मोजली.

नवऱ्याच्या पत्रांचा ताणही होताच. बायकोला हट्टाने शिकवणारे गोपाळराव ती दूर गेल्यावर अस्वस्थ झाले. पत्रांतून कधी प्रोत्साहन येई, कधी संशय आणि टोमणे. आनंदीबाई त्यांना आदराने लिहीत, पण आता पटले नाही ते सांगूनही टाकत. पुढे गोपाळराव स्वतः नोकरी सोडून खटपटीने अमेरिकेला पोचले. तिथे त्यांनी सभांमधून मिशनऱ्यांवर आणि तिकडच्या समाजावर सडकून टीका केली. बोलणे धारदार, पण ज्या लोकांनी आपल्याला आधार दिला त्यांच्यासमोर आनंदीबाईंना किती अवघडल्यासारखे झाले असेल! तरीही त्यांचा अभ्यास सुटला नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघींची घरे, भाषा, धर्म वेगळे आणि येण्याचे कारण एकच. परदेशात एकटे वाटत असताना दुसरी परदेशी मुलगी शेजारी बसली की किती धीर येतो, ते त्या छायाचित्राकडे पाहून समजते.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकेत बसून त्यांनी लिहिले ते आपल्या घरच्या बाळंतिणींबद्दल. समारंभाला गोपाळराव होते आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाई त्यांच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. दोघी मराठी, दोघी विदुषी, दोघींनी समुद्र ओलांडलेला. एकीने धर्म बदलला, दुसरीने नाही, आणि तरी एकीच्या आनंदाला दुसरी हजर होती. बॉडलीबाईंनी ही बातमी व्हिक्टोरिया राणीला कळवली आणि राणीकडून पोचही आली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींची नावे बरोबरीने घेतली जातात.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना बोलावणे पाठवले. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना द्यायची होती. हेच रुग्णालय आज सीपीआर म्हणून ओळखले जाते. जिथून पहिले पत्र अमेरिकेला गेले होते त्याच गावी डॉक्टर म्हणून परतायचे, असा योग जुळून आला होता. ऑक्टोबरमध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईला उतरल्या. पण उतरल्या त्या आजारी. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. पुण्यात औषधोपचार झाले, त्यांचा उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता. एकाही रुग्णाला त्या आपल्या देशात डॉक्टर म्हणून तपासू शकल्या नाहीत.

गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत मावशींनी आपल्या कुटुंबाच्या जागेत त्यांना ठाव दिला. तिथल्या दगडावर आजही आनंदीबाईंचे नाव आहे. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी १९६८ साली आली आणि घरोघर पोचली. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

त्या गेल्या त्याच १८८७ साली आपले श्रीमंत सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपच्या प्रवासाला निघाले. राजालासुद्धा समुद्र ओलांडताना लोकांच्या बोलण्याचा विचार करावा लागे, असा तो काळ होता. त्याच्या चार वर्षे आधी कारकुनाच्या बायकोने तो ओलांडला होता.

आज आपल्या सोसायट्यांमधून दर वर्षी कुणाची ना कुणाची मुलगी कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, जर्मनीला शिकायला जाते. विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसे जातात आणि रात्री व्हिडिओ कॉलवर तिचे ताट पाहायला घरचे सगळे जमतात. उपास केलास का, कुंकू लावतेस का, मराठी बोलायला कुणी आहे का, हे प्रश्न आपण मायेनेच विचारतो. त्याबरोबर खोलीत हीटर नीट चालतो का, खोकला किती दिवसांचा आहे, डॉक्टरला दाखवलेस का, हेही विचारावे आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्यावे. काय धरायचे आणि काय सोडायचे हे तिथल्या थंडीत उभी असलेली मुलगीच ठरवू शकते. आनंदीबाईंनी ते ठरवले होते. त्यांच्या खोलीतली शेगडी दुरुस्त करून द्यायला मात्र घरचे कुणी जवळ नव्हते.

गणपतीबाप्पा विद्येचा दाता. दूरदेशी विद्या घ्यायला गेलेल्या आपल्या सगळ्या लेकींना त्याने बुद्धीबरोबर आरोग्यही द्यावे, ही त्याच्या चरणी प्रार्थना.